कोरड्या टाकीतलं वजन

आधीच सांगते, मी विज्ञानाची शिक्षिका. वर्गात कुणाच्या दप्तरात लिंबू-मिरची सापडली तरी मी अर्धा तास बोलत असे, आणि तेवढाच तास बुडाला म्हणून मुलं खूश होत. अंगात येणं, बाधा, नजर... या विषयांवर माझ्याशी वाद घालायला आमचे नातेवाईकसुद्धा टरकायचे. तेव्हा हे लिहितेय ते मला पटलंय म्हणून नाही. हे घडलं तेव्हा दोराचं एक टोक माझ्या हातात होतं आणि दुसऱ्या टोकाला माझा नवरा होता, म्हणून लिहितेय.

गोष्ट नव्वदच्या दशकातली. बारामतीहून इंदापूरकडे निघालं की काटेवाडीच्या अलीकडे, रस्त्यापासून जरा आत, एक जुना क्लब होता. आसपासच्या ऊसवाल्या बागायतदारांनी हौसेनं काढलेला. बॅडमिंटनचं कोर्ट, पत्ते कुटायला एक हॉल आणि मागे पोहण्याचा तलाव. तलाव म्हणजे काय, सिमेंटची मोठी टाकीच. सगळे तिला टँक म्हणत. पाणी कालव्याचं. पुढे टँक गळायला लागला, दुरुस्ती कुणी करायची यावरून सभासदांची भांडणं झाली आणि तो कित्येक वर्षं कोरडाच पडून राहिला. तळाच्या भेगांत बाभळीची रोपं उगवली होती. मग नव्या कमिटीला हुक्की आली, की उन्हाळ्याच्या सुट्टीआधी टँक चालू झालाच पाहिजे. ते काम आमच्या ह्यांना मिळालं.

हे म्हणजे माझे मिस्टर, सिव्हिल कॉन्ट्रॅक्टर. तोवर गोठे, कंपाउंडच्या भिंती, फार तर एखादा बंगला. चारचौघांच्या नजरेत भरेल असं काम पहिल्यांदाच हाती आलं होतं आणि ते त्यापायी जेवणखाण विसरले होते. मूळचे शेळगावचे. मागच्या पिढ्या मेंढरांमागं हिंडलेल्या, त्यामुळे पाण्याशी संबंध पिण्यापुरता. गुडघाभर पाण्यात उतरायचं तरी आधी इकडं-तिकडं बघणार! मी पणदऱ्याची, विहिरीत पोहायला शिकलेली. “पोहता न येणारा माणूस पोहायचा टँक बांधतोय,” म्हणून मी त्यांना चिडवायची. ते म्हणायचे, “हलवाई कुठं सगळे पेढे स्वतः खातो?”

विहिरीतल्या पोहण्याचं जरा सांगायलाच हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. आमच्याकडे पोराच्या पाठीला पत्र्याचा रिकामा डबा नाहीतर वाळलेला भोपळा बांधायचे, काखेतून दोर घ्यायचे आणि द्यायचे ढकलून. वर काठावर कुणीतरी दोर धरून उभं. भावंडांत मी थोरली, म्हणून दोर माझ्याकडे. वडील एकच सांगायचे, “काय बी हुंदे, दोर सुटला न्हाय पायजे.” ज्यानं असा दोर धरलाय त्याला एक गोष्ट हाताला पाठ असते. पोर पाण्यात आहे तोवर दोराला वजन लागत नाही, मनगटाच्या झटक्यानं येतं. पाण्याबाहेर निघालं, की त्याच क्षणी जड होतं. डोळे मिटले असले तरी हाताला कळतं, आता पोर पाण्याबाहेर आलं.

काम सुरू झालं. रविवारी मी ह्यांचा डबा घेऊन साइटवर जायची आणि संध्याकाळपर्यंत तिथंच थांबायची. टँकच्या भिंतीला वरच्या कडेजवळ निळ्या टाइलची पट्टी होती... पूर्वी पाणी तिथपर्यंत असायचं. उथळ बाजूला कमरेएवढं, खोल बाजूला पुरुषभराहून बरंच जास्त.

पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं ते असं. उथळ बाजूला गवंडी आणि बायका उभ्यानं काम करत होते तोवर नुसता कलकलाट. टाइल बसवायला खाली बसले की सगळे चिडीचूप. उभे राहिले की गप्पा पुन्हा तिथूनच पुढं! खोल बाजूला तर कुणीच कुणाशी बोलत नव्हतं. खुणा करायचे. आणि थोड्या थोड्या वेळानं एकेक जण शिडीनं वर यायचा, निळ्या पट्टीच्या वर डोकं काढायचा आणि मोठ्ठा श्वास घ्यायचा.

मी मिस्त्रींना विचारलं. नामदेव मिस्त्री वयानं मोठे, सगळे त्यांना तात्या म्हणत.

“तात्या, वर येऊन काय करतात हो ही माणसं?”

“काय न्हाय बाई. दम घेत्यात.”

“खाली हवा नाही का?”

“हाय की. पर घ्यायची आठवनच ऱ्हात न्हाय.” हे बोलून ते स्वतःच जरा चपापले. मग म्हणाले, “आन् ओळंबा बगा ना... वरच्या अंगाला गप ऱ्हातो. पट्टीच्या खाली सोडला की डुलत बसतोय. भिंत सरळ हाय का वाकडी, कसं कळायचं?”

मी म्हटलं, वारा असेल. खोल टाकीत कसला वारा, हे माझं मलाच विचारायचं सुचलं नाही.

पुढच्या रविवारी गेले तर काम बंद. माणसं वर लिंबाच्या सावलीत बसलेली आणि आमचे हे लालबुंद होऊन येरझाऱ्या घालत होते. खोल बाजूच्या तळाशी पाणी काढायची जाळी होती, तिच्याभोवतीचं काम तेवढं राहिलं होतं आणि तिथं उतरायला कुणी तयार नव्हतं.

“अण्णा, बाकी काय बी सांगा,” तात्या म्हणाले. “तितं न्हाय जमायचं. काल आमच्या सोपानाला डोळ्याफुडं अंधारी आली.”

“जत्रा तोंडावर आली की तुमाला अंधारी येतीच!” हे ओरडले. घरात कितीही शुद्ध बोलले तरी साइटवर ह्यांची जीभ शेळगावला जाते. “कोरड्या टाकीत दम कोंडतोय म्हनं. बगा, मी उतरतो. जाळी खरडून, साफ करून वर येतो. मग तरी काम कराल का न्हाय?”

“उतरा. पर सोल बांधून उतरा,” तात्यांनी परांची बांधायचा जाड दोर पुढं केला.

“कोरड्या टाकीत दोर? गाव हसंल की रं मला!”

मलाही हसू येत होतं. पण माणसांचे चेहरे बघितले आणि म्हटलं, या माणसांची समजूत पटू दे, काम तर सुरू होईल. “बांधा हो. मी धरते. गावभरच्या पोरांचा दोर धरलाय मी,” असं म्हणत मी वडिलांनी शिकवलेली गाठ ह्यांच्या काखेतून मारली. ते कुरकुरले, पण थांबले.

भर दुपार होती. ऊन लख्ख. ते शिडीनं उतरत होते आणि उतरता उतरता तात्यांना सुनावत होते, “आन् उद्यापासून जर कुणी मला सांगितलं की—” वाक्य तिथंच तुटलं. डोकं निळ्या पट्टीच्या खाली गेलं होतं. मला वाटलं, रागावून गप्प बसले. जाळी साफ झाली की माल तयार हवा, म्हणून तात्या आणि बाकीचे पलीकडं, उथळ बाजूला, माल कालवायला निघून गेले. खोल बाजूच्या काठावर मी एकटी उरले.

हे जाळीपाशी बसले. थापीनं खरडायला लागले. मी वरून त्यांची पाठ बघत होते, शर्ट घामानं चिकटलेला. आणि माझ्या ध्यानात आलं, की पाठ हलत नाही. हात हलतोय, पण श्वासानं पाठ वर-खाली होते ना, ती होत नाही.

“अहो!” मी हाक मारली. “अहो, वर या जरा!”

त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. डोळे उघडे, चेहरा शांत, गाल किंचित फुगलेले... आणि ओठ निळे. मग ते कलले. धाडकन पडले नाहीत. विहिरीत सोडलेली कळशी आधी डुलते, मग हळूच तळाला बसते, तसे टेकले. थापी हातातून सुटली आणि तिचा आवाज मला आला नाही.

मी किंचाळले. आणि ओढायला लागले.

ह्यांचं वजन ऐंशीच्या घरात. मी तेव्हा अंगानं काडी. उभ्या भिंतीवरून, पुरुषभराहून खोल टाकीतून त्यांना एकटीनं ओढणं मला जन्मात शक्य नव्हतं. पण ते आले. दोर हातात सरकत आला... हलका! अगदी तसाच हलका! माझ्या धाकट्या भावाला विहिरीतून ओढताना लागायचा तसा. डोळ्यांना कोरडी टाकी दिसत होती, ऊन दिसत होतं, धूळ दिसत होती. आणि माझे हात मला सांगत होते, की हा माणूस पाण्यात आहे.

निळ्या पट्टीशी त्यांचं डोकं आलं. बुडता माणूस वर आल्यावर घेतो तसा घशातून आवाज काढत त्यांनी श्वास घेतला. मी आणखी एक ओढ दिली, छाती पट्टीच्या वर आली, आणि त्याच क्षणी सगळं वजन दोरावर पडलं. मी आडवी झाले. दोरानं तळहात सोलून काढले. कसाबसा शिडीच्या पाइपाला वेढा मारला आणि वडिलांचे शब्द मोठमोठ्यानं म्हणत राहिले, दोर सुटला न्हाय पायजे, दोर सुटला न्हाय पायजे. तोवर तात्या आणि माणसं धावत आली. त्या चार गड्यांना मिळून ह्यांना काठावर घ्यायला घाम फुटला.

कपडे कोरडे होते, तेही सांगते. केसही.

डॉक्टर म्हणाले, उन्हाचा झटका, उपाशीपोटी काम, चक्कर आली. मी म्हटलं, जुन्या गटारातला वायू असेल. मला ते पटवून घ्यायचंच होतं. दुसऱ्या दिवशी दोराला पेटता कंदील बांधून मी स्वतः जाळीपाशी सोडला. वायू असता तर कंदील विझला असता. तो मजेत जळत राहिला. बरं, पाणी म्हणावं, तर पाण्यात तरी कंदील कुठं जळतो?

तुम्हाला वाटलं असेल, आता मी सांगणार की तिथं पूर्वी कुणीतरी बुडालं होतं. मलाही तेच वाटलं होतं. क्लबच्या म्हाताऱ्या वॉचमनला खोदून खोदून विचारलं. तो उलट माझ्यावर उखडला. “हितं कुनाला खरचाटलंसुदिक न्हाय कधी! लै चांगला टँक व्हता आमचा. पोरं निघता निघायची न्हाईत पान्यातनं.” आणखी चार जुन्या सभासदांना विचारलं, तेही तेच म्हणाले.

जाळीचं काम शेवटी झालं. कसं झालं म्हणाल तर गवंडी शिडीवर उभा राहून छातीभर श्वास घ्यायचा, कमरेला दोर, खाली उतरायचा, दोन टाइला लावायचा आणि वर यायचा. पाणबुडे करतात तसं. रस्त्यानं जाणाऱ्यांना वाटलं असेल, ही माणसं खुळी झालीत. पण दोर बांधायला नंतर कुणी हसलं नाही, आमचे हे तर नाहीच.

कालव्याचं पाणी सोडलं, टँक भरला आणि विषय संपला. खरंच संपला. सुट्टीत पोरांनी नुसता धुडगूस घातला, पुढेही वर्षानुवर्षं टँक चालला, कुणाला काही झालं नाही. जणू पाणी नव्हतं हीच काय ती त्याची अडचण होती.

ह्यांना मी विचारलं होतं, खाली काय झालं? ते म्हणाले, “काही नाही गं. बरं वाटत होतं. वर उजेड हलत होता. तू वाकून काहीतरी बोलत होतीस, पण तुझं तोंड लांब व्हायचं, आखूड व्हायचं... आवाज फार लांबून यायचा.” लक्षात घ्या, या माणसानं आयुष्यात कधी पाण्याखाली डोकं घातलेलं नव्हतं. पाण्याखालून वरचं माणूस कसं दिसतं, हे त्यांना ठाऊक असायचं काही कारण नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात हट्टानं मी त्यांना त्याच टँकमध्ये पोहायला शिकवलं. पाठीला डबा, काखेतून दोर, दोर माझ्या हातात. पोरं फिदीफिदी हसत होती. पहिल्यांदा डोकं पाण्याखाली घालून ते वर आले, तोंडावरचं पाणी पुसलं आणि माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, “असंच होतं.” मला तिथंच रडू फुटलं.

आता मुद्द्याचं. डॉक्टरांचं चक्करेचं म्हणणं मी मान्य करीनही. पण चक्कर आलेला माणूस जड होतो. ज्यानं कुणी बेशुद्ध माणूस उचललाय त्याला विचारा. तो हलका होत नाही.

वर्गात मी दरवर्षी प्लावक बलाचा धडा शिकवायची. वस्तू पाण्यात बुडाली की ती थोडं पाणी बाजूला सारते, आणि जेवढं पाणी बाजूला सारलं जातं त्याच्या वजनाइतकी ती हलकी होते. साधा नियम आहे. फळ्यावर आकृती काढताना खडू धरलेल्या हातावरचा दोराचा जुना वण दिसायचा आणि मी मध्येच थांबायची. मुलांना वाटायचं, बाई पुढचं विसरल्या. मी विसरलेली नसायची. हलकं व्हायचं तर काहीतरी बाजूला सारावं लागतं, आणि त्या कोरड्या टाकीत ह्यांनी काय बाजूला सारलं होतं, ते मला सापडत नव्हतं. रिटायर झाले तरी सापडलेलं नाही.

तिथं जे काही होतं त्यानं माझ्या नवऱ्याचा श्वास धरला होता, हे खरं. आणि त्यानंच त्यांना अलगद उचलून माझ्या हातापर्यंत आणून दिलं, नाहीतर मी एकटी त्यांना कुठून वर काढणार होते... हेही तेवढंच खरं. त्याला घाबरायचं की हात जोडायचे, ते माझं अजून ठरलेलं नाही.