टोनआर्मवरचे चार आणे

"तात्या, ते नाणं काढा आधी!" मी ओरडलोच.

कऱ्हाटी गावच्या तात्यांनी आमच्या रिपेअरिंगच्या दुकानातल्या प्लेअरवर स्वतःच रेकॉर्ड लावली होती आणि टोनआर्मच्या टोकावर चार आणे ठेवले होते. टोनआर्म म्हणजे सुई धरून रेकॉर्डवरून सरकणारा पोकळ दांडा.

"आरं, घरी असंच वाजवतो. न्हाय तर सुई उडती."

"किती वर्षं?"

"आई गेल्यापासनं. दर सालाला तिच्या दिसाला, तिसरी ओवी तर धा-धा येळा."

रेकॉर्डवर त्यांच्या आईच्या ओव्या होत्या, मेंढरांमागं फिरताना म्हणायच्या त्या. दुसरी प्रत नव्हती, म्हणून कॅसेट भरून हवी होती. आणि नाण्याच्या भारानं सुई तीच रेकॉर्ड खरवडत होती! ही युक्ती लोकांना शिकवली दुकानदारांनीच. आमचे मालकही म्हणाले, "ठेव की नाणं. गिऱ्हाईक खूश."

"याला रिपेअरिंग नाही, फसवणूक म्हणतात."

"झाली याची सभा सुरू!" मालक हसले. मी गावातल्या सभांत भाषणं करतो, त्यावरून टोमणा.

आमचं इंदापूरचं दुकान हायवेला लागून. उसाचा ट्रक गेला की टेबल थरथरायचं, आवाजात घरघर यायची, सुई उडायची. आईच्या रेकॉर्डवर प्रयोग करायची माझी हिंमत नव्हती. भंगारातली एक लावली. प्लेअरखाली सायकलची ट्यूब ठेवली, हवा अर्धीच. घरघर गेली, बारीक झिणझिण राहिली. दांड्याला टिचकी मारली, तर टणकन वाजला. म्हणजे तो पोकळ दांडाच थरथरत होता. त्याला रबराची पातळ पट्टी गुंडाळली, दांड्याच्या मागच्या टोकाचं वजन सरकवून पट्टीनं वाढलेला सुईचा भार पुन्हा हलका केला. टिचकी मारली. दांडा मुका.

मग खरी रेकॉर्ड. सुई अलगद टेकवली. बाहेरून ट्रक गेला. सुई हलली नाही. तात्यांच्या आईचा आवाज स्वच्छ, खणखणीत. तात्यांनी डोळे मिटले.

तिसऱ्या ओवीला आवाज खाली गेला. नुसती खरखर.

"परत लाव."

"लावून येणार नाही तात्या. तेवढं झिजलंय."

"नाण्यानं?"

सभेत मी कधी अडखळत नाही. इथं अडखळलो. मग म्हणालो, "व्हय."

खरखरीसकट कॅसेट भरून दिली. त्याच आठवड्यात मी हँडबिल काढलं : टोनआर्मवर नाणं ठेवू नका, थरथर थांबवा. तात्यांनी ते उभ्यानं वाचलं.

"माझं नाव घाल यात. आईचा आवाज कुणी घालवला ते लिव्ह. म्हंजी लोकं ऐकतील."

मी नाव घातलं नाही. ही युक्ती दुकानदारांनीच शिकवली, हे मला घालायचं होतं, ते मालकांनी खोडलं. मालकांच्या गल्ल्याशेजारी, गिऱ्हाइकांना टोनआर्मवर ठेवायला द्यायच्या चार आण्यांची डबी मात्र अजून तशीच आहे.