बायांची विहीर

आळेफाट्यावर नाशिककडे जाणारी एसटी लागली, तेव्हा आई माझ्याशी बोलतच नव्हती, कंडक्टरशी बोलत होती. "पोरीला खिडकी द्या भाऊ, तिला गाडी लागती." लग्नाला महिनाही झाला नव्हता. नवरा बडोद्याला कारखान्यात कामाला, नाशिकहून पुढं दुसरी गाडी. बस हलली तसे अण्णा, माझे वडील, खिडकीला हात लावून दोन पावलं चालले आणि म्हणाले, "लांब हाय, पन रस्ता हाय." एवढंच. आई मात्र मागं वळून पिशव्या आवरत राहिली. आवरायला तिथं काही उरलं नव्हतं.

बडोद्यात मला भाकरीची आठवण आली नाही, पिठाची गिरणी तिथंही होती. आठवण यायची ती मे महिन्यातल्या दुपारची. माझ्या माहेरी, बोरीला, आमच्या मळ्यात दगडी पायऱ्यांची विहीर आहे. ऐन उन्हाळ्यात कालव्याला पाणी सुटलं की ती वरपर्यंत भरायची. मग मुंबई-पुण्याला गेलेले चुलते, त्यांची पोरं, शेजारचे पाहुणे, सगळे दुपारी तिथंच. पाठीला पत्र्याचा रिकामा डबा बांधायचा आणि काका मागून ढकलून द्यायचा. पोहायला शिकण्याची आमच्याकडची रीत ती. मी आठवड्यात डबा सोडला होता. काठावर बाया धुणी आपटत, कैऱ्या कापून मीठ लावून ठेवत, पाण्यात पुरुष आणि पोरं.

मी न्हाती झाले आणि आई म्हणाली, "आता बास. काठावर बस." मी काठावर बसले. सगळ्याच पोरी बसत.

बडोद्यातले रविवार सुरुवातीला फार लांब वाटायचे. खालच्या मजल्यावरच्या हंसाबेननी एक दिवस विचारलं, तरता, म्हणजे पोहता, येतं का. म्युनिसिपालटीच्या स्विमिंग पूलवर सकाळी लेडीज बॅच होती. मी म्हटलं, येत होतं. "तो चालो ने, सुनंदाबेन," म्हणत त्यांनी मला ओढूनच नेलं. क्लोरीनचा वास, निळ्या फरशा, शिट्टी वाजवणारी मॅडम. पाण्यात पडले आणि हातपाय आपोआप चालू लागले. मी पाण्याखाली हसले, नाकातोंडात पाणी गेलं, वर येऊन पुन्हा हसले. पुढं मी सोसायटीतल्या कितीतरी जणींना शिकवलं. रविवारी पोहून झालं की आम्ही सगळ्या घरच्यांना घेऊन बागेत बसायचो, कुणाचा ढोकळा, कुणाचे ठेपले, माझी ओली भेळ. गुजरातीतून भांडण्याइतकी मी तिथली झाले.

माझी मुलगी पाचवीत गेली त्या मेमध्ये आम्ही बोरीला आलो. पोरीनं विहीर पाहिली आणि कुणाला न विचारता उडी मारली. तिच्यामागं मीही, पंजाबी ड्रेससकट. वर आले तर काठावर धुणं थांबलेलं. शांताकाकी, माझी चुलती, हातातला साबण खाली ठेवून म्हणाली, "आन आमी काय जल्मभर धुनीच धुवायची का? मला बी शिकीव."

"काय तरीच," आई म्हणाली आणि बादली उचलून घरी निघून गेली.

रात्री जेवताना ती बोलली. तिच्या माहेरी, शेजारच्या सुनेनं विहिरीत जीव दिला होता. तेव्हापासून बाई विहिरीकडं निघाली की आईचा जीव खालीवर व्हायचा. "बाई पान्यात उतारली म्हंजी लोक वाचवायला धावत्यात," ती म्हणाली. "मजा करायला उतारली आसंल, आसं कुनाच्या मनात बी येत न्हाई." मला काठावर का बसवलं होतं, ते मला त्या दिवशी कळलं.

अण्णा ताटात हात धुवत म्हणाले, "मग येऊ दी की लोकांच्या मनात."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मळ्याच्या वाटेवर बाभळीखाली घोंगडी टाकली आणि विहिरीकडं पाठ करून बसले. पोहायला आलेल्या प्रत्येकाला सांगत, "आज इहीर बायांची हाय, राव. उंद्या या." लोक हसत परत जात.

इकडं विहिरीत धमाल. कुणी नवऱ्याचा पायजमा चढवलेला, कुणी साडीचा काष्टा मारलेला, पाठीला प्लास्टिकचे कॅन. शांताकाकी पाण्यात पडताक्षणी गावच्या सगळ्या देवांची नावं घेऊन मोकळी झाली आणि मग बाहेर यायला तयार होईना. आई पायरीवर बसून होती, पाय तेवढे पाण्यात. कुणी आग्रह केला नाही. बऱ्याच वेळानं ती एक पायरी खाली सरकली. मग आणखी एक. मी पाण्यातून तिच्याजवळ गेले. तिच्या अंगात अण्णांचा जुना सदरा होता.

मी तिला पाठीवर आडवी केली, हात तिच्या पाठीखाली. तिनं डोळे घट्ट मिटलेले, माझं मनगट धरून ठेवलेलं. थोड्या वेळानं पकड सैल झाली. ती वर आभाळाकडं बघत म्हणाली, "मला वाटायचं पानी खाली वढतं. हे तर वर ढकलतंय." मग म्हणाली, "सोड."

मी सोडलं. माझी आई कालव्याच्या पाण्यावर तरंगत राहिली, आणि काठावरच्या बायांनी शिट्ट्या मारल्या.

पुढच्या वर्षी नवऱ्याला सुट्टी मिळाली नाही, आमचं बोरीला जाणं राहिलं. मन फार खट्टू झालं, म्हणून एका दुपारी घरी फोन लावला. अण्णांनी उचलला. "तुजी आय इहिरीवं गेलीया. वरच्या मळ्यातल्या बाया आल्यात, त्यांना शिकिवती. तिन्हीसांजंच्या आत काय यायची न्हाई."

फोन ठेवून मी जरा रुसून बसले. मग एकटीच हसत सुटले. इतकी वर्षं मला वाटायचं, आपण निघालो तिथं सगळे आपली वाट बघत थांबलेले असतील. गावचे तिथंच राहिले, पुढं निघालो ते आपणच, असा गाव सोडलेल्या सगळ्यांचाच समज. आता कुणी विचारलं, गाव म्हणजे काय, तर सांगते: जिथं या घटकेला माझी आई पाण्यात आहे, आणि तिला फोन घ्यायला सवड नाही.