सात अंश आधी

प्रयोगशाळेत तापवताना काचेच्या बारीक नळीतली माझी पांढरी पूड आधी ओलसर दिसली, मग तिचा थेंब झाला. पुस्तकात दिलेल्या तापमानाच्या चक्क सात अंश आधी! म्हणजे मी बनवलेल्या औषधात अशुद्धी राहिली होती.

"पुस्तकातला आकडा लिही आणि मोकळी हो," शेजारची मैत्रीण म्हणाली. आमच्या फार्मसीच्या वर्गात सगळ्यांचं औषध जर्नलमध्ये अगदी एकाच अंशाला वितळतं. उद्या आमच्यापैकीच कुणी बनवलेली गोळी कुणाची तरी आई डोळे मिटून गिळेल. तिच्या पोटात काय जाईल, जर्नल की पूड?

मी सात अंश कमीच लिहिले.

सरांनी त्या आकड्याभोवती लाल गोल केला. "चुकलंय, कळतंय ना?"

"कळतंय, सर. म्हणूनच लिहिलंय."