हमी न देणाऱ्या बाई

खराडीतल्या आमच्या सोसायटीत सगळे सॉफ्टवेअरवाले, आणि रोज तुरुंगात जाणाऱ्या या एकट्याच बाई. तिथे त्या कैद्यांवर मानसोपचार करतात. कुणाकडेही गेल्या की तुरुंगातल्या सवयीने दाराजवळची खुर्ची धरतात. मी एकदा हात जोडून म्हणालो, "अहो, मी निर्दोष आहे!"

"सगळे तसंच म्हणतात," त्या शांतपणे म्हणाल्या.

पुढे त्यांच्या एका सुटून आलेल्या कैद्याने आमच्याकडे वॉचमनच्या नोकरीसाठी अर्ज केला. खुनाची शिक्षा भोगल्याचं त्याने स्वतःच लिहिलं होतं. सेक्रेटरींनी बैठकीत बाईंना विचारलं, "पुन्हा असं करणार नाही, याची हमी देता?"

"हमी कुणाचीच देता येत नाही. तुमचीही."

मी एकटाच हसलो.

"तुम्ही स्वतःच्या घरात घ्याल त्याला?" सेक्रेटरींनी विचारलं.

"घेतलाय की. गेला महिनाभर दुपारी माझ्या आईला तोच जेवू घालतो."

नोकरी तर हुकलीच, वर त्याला फाटकातूनही आत सोडायचं नाही, असा ठराव झाला. बाई नुसतं 'हमी देते' म्हणाल्या असत्या तर निभावलं असतं. ठरावाच्या बाजूने माझाही हात वर होता. बाईंनी तो पाहिला.

हल्ली दुपारी जिना चढताना त्यांच्या बंद दाराआडून म्हातारीची हाक येते, "आलास का रे?" मी पाय न वाजवता वर जातो.