डाव्या खांद्यावरची नवी रायफल

मंडळी, आज सकाळी क्लबच्या रेंजवर माझी नवी बुलपप एअर रायफल पहिल्यांदा चालवली. हिची सगळी यंत्रणा ट्रिगरच्या मागे, अगदी गालाशी असते. त्यामुळे ती आखूड आहे आणि वजन खांद्याकडे येतं. ट्रिगर थोडा रबरासारखा वाटला, पण नळी मुळीच डगमगत नाही.

मी डावखुरी. छर्रा भरायचा लीव्हरही मुद्दाम माझ्या सोयीने बसवून घेतला होता. तरी कोच इथल्या, वाक्यामागे 'लाह' जोडायच्या इंग्रजीत म्हणालेच, "आंटी, ट्राय राइट हँड लाह. एव्हरीबडी सेम."

मी म्हटलं, "सर, हे मी पहिलीतच ऐकलंय."

कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर माझ्या डाव्या हातावर पट्टी मारायच्या आणि मधल्या सुट्टीत त्याच हातावर लिमलेटची गोळी ठेवायच्या. माझी त्यांच्यावर अजून माया आहे. लिहिते उजव्या हाताने, प्रसादही उजव्याच हाताने घेते. नेम मात्र कुणाच्या सांगण्यावरून बदलणार नाही.

डाव्या खांद्यावरूनच मारलं. बहुतेक छर्रे काळ्या वर्तुळात गेले. कोचनी टार्गेटचा कागद जवळ धरून पाहिला आणि म्हणाले, "ओके, आंटी. लेफ्ट कॅन." म्हणजे, डावा चालेल.

साठी उलटल्यावर मिळालेली ही परवानगी मी मागितलीच नव्हती! डावखुऱ्यांनो, तुम्ही कोणतं काम अजूनही हट्टाने डाव्याच हाताने करता?