आंबिलीतला अंगारा

वेळ अमावस्येला शेजारीण आंबील देऊन गेली. झाकण काढलं आणि त्या आंबूस वासानं मी थेट देवणीजवळच्या आमच्या शेतात जाऊन पोचले.

वेळ अमावस्येचा सण शेतातच करायचा; त्या वर्षीही कडब्याच्या खोपीपुढं सगळं गणगोत जेवत होतं. माझी थोरली बहीण शांताक्का मात्र लांब, ज्वारीच्या कडेला बसलेली. जवळ कुणी नसतानाही तिला माणसांचे आवाज ऐकू यायचे. भगतानं अंगारा दिला होता आणि बजावलं होतं, सांगून दिला तर गुण येणार नाही. आईनं पाठ फिरवून तो अक्काच्या आंबिलीत कालवला.

अक्कानं एक घोट घेतला आणि थुंकून टाकला. "ह्यात कायतरी कालवलंय."

"न्हाई गं माय, देवाशपथ न्हाई," आई म्हणाली.

"लईच बिघडलंय हिचं डोस्कं," मामा म्हणाले.

त्या दिवसापासून अक्कानं आईच्या हातचं खाणं सोडलं. हळूहळू कुणाच्याच हातचं खाईना. पुढच्या वेळ अमावस्येला ती नव्हती.

आता त्या आजाराचं नाव मला ठाऊक आहे, स्किझोफ्रेनिया. त्यावर गोळ्या मिळतात. अन्नात कुणी काही घालतंय असं वाटणं हे त्याचंच लक्षण, असं डॉक्टर सांगतात.

पण त्या दुपारी अख्ख्या शेतात खरं बोलणारी एकटी अक्काच होती.