मिसरात काढलेले जोडे

मामांना जोडे काढायची फार घाई असे. देवळात सगळेच काढतात. मामा तहसील कचेरीत काढत, दवाखान्यात काढत, न्हाव्याच्या दुकानातही काढत. एकदा तर आर्वीहून पुलगावला जाणाऱ्या छोट्या गाडीत चढताना त्यांनी जोडे फलाटावर जोडीनं काढून ठेवले आणि डब्यात जाऊन बसले. गाडी सुटली. दिवसभर पुलगावच्या बाजारात अनवाणी हिंडून संध्याकाळी परतले, तर जोडे होते तिथंच. "पाहा, आपल्या जोड्याले कोनी हात लावत नाई," असं वर सगळ्यांना सांगत सुटले. मामींना मात्र ही गोष्ट निघाली की कुठं तोंड लपवू असं होई. तसे मामाही लाजत. तोंडानं कबूल करत नसत, पण कान लाल होत आणि ते झाकायला टोपी खाली ओढली जाई.

ते नेमके कोणाचे मामा, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. आर्वीतल्या आमच्या जिनिंगमध्ये कापूस पारखायचं काम त्यांच्याकडे होतं आणि मी काट्यावरचा कारकून. शेठजींपासून सरकी वाहणाऱ्या बायांपर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणत. चिमूटभर रुई दोन्ही हातांच्या चिमटीत धरायची, हळू ओढायची आणि धागा डोळ्यांपाशी न्यायचा, ही त्यांची पारख. माल वाईट निघाला तरी आणणाऱ्याच्या तोंडावर तसं बोलत नसत. "यंदा पावसानं दगा देल्ला नं भाऊ तुले," एवढंच म्हणत. समोरचा काय ते समजून जाई.

मिसरचं वेडही त्यांना रुईपायीच लागलं. मुंबईच्या एका दलालानं मिसरी रुईचा नमुना आणला होता. मामांनी तो ओढला, पुन्हा ओढला. त्या रुईतली एक बट त्यांनी पानाच्या डब्यात ठेवून दिली. पुढं शाळेतल्या मास्तरांकडून त्यांना पिरॅमिड कळले, कापडात गुंडाळून ठेवलेले राजे कळले. ते कापड कापसाचं नसून जवसाच्या झाडाचं असतं, असं मास्तर म्हणाले. "जवसाचं का असेना, धागाच हाये," मामा म्हणाले, आणि तेव्हापासून मिसरचे राजे त्यांच्या नात्यातले झाले.

अशात शेठजींच्या मुलानं, धाकट्या शेठनी, विलायतेला नव्या यंत्रांच्या खरेदीला जायचं ठरवलं. सोबत कापूस ओळखणारा माणूस हवा म्हणून मामांचं नाव निघालं. विलायतेचं मामांना काडीचं कौतुक नव्हतं. पण धाकटे शेठ सहज बोलून गेले, की जहाज सुएझच्या कालव्यातून सावकाश जातं. तेवढ्यात उतारू एका टोकाला उतरतात, मोटारीनं पिरॅमिड पाहून येतात आणि दुसऱ्या टोकाला जहाज गाठतात. झालं. मामांची विलायत तिथंच संपली आणि त्या एका दिवसाची आखणी सुरू झाली.

जिनिंगच्या आवारात सरकीचा उंच ढीग असे. तो झाला मोठा पिरॅमिड. दुपारच्या सुट्टीत मामा हातात काडी घेऊन आम्हाला त्याच्याभोवती फिरवत. आधी लहान पिरॅमिड, मग मोठा, आणि माणसाच्या तोंडाचा तो सिंह सगळ्यांत शेवटी, कारण "राखनदाराले निघताना भेटाव लागते." पण खरी अडचण वेगळीच होती. मामांच्या हिशेबी हे काही पाहणं नव्हतं, मयताच्या घरी भेटायला जाणं होतं. म्हणजे जोडे बाहेर. रिकाम्या हातानं जायचं नाही, तर आपल्या शेतातलं कापसाचं बोंड न्यायचं. निघताना 'येतो' म्हणायचं नाही, कारण अशा घरून निघताना आपल्याकडे कोणी तसं म्हणत नाही. आणि आंघोळ केल्याशिवाय जेवायचं नाही. आता जहाजवाल्यांनी जेवण ठेवलेलं मध्येच, आणि आंघोळ करायची कुठं? शेवटी नाईल नदीत पाय धुतले तरी चालेल असं आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं.

सरकी भरणारी एक बाई हसून म्हणाली, "मामा, हजारो वर्साचं सुतक काऊन धरता?"

"मानूस गेल्याचं जुनं होते का बाई?" मामा म्हणाले. तिचं हसू मावळलं आणि ती पाटी उचलून चालायला लागली.

निघाले त्या दिवशी जिनिंगला सुट्टी होती. फलाटावर हार, गुलाल, आणि गाडी आली तेव्हा आम्ही सगळे एकदम ओरडलो, "मामा, जोडे!" मामा जोड्यांसकट डब्यात चढले. कान लाल झालेच.

विलायतेहून परतले तेव्हा शेठजींनी आवारात सत्काराची सभा ठेवली. मामांच्या एका बाजूला शेठजी, दुसऱ्या बाजूला धाकटे शेठ, समोर सगळं गाव. मामांनी सुरुवात झकास केली. वाळू, उंट, मोटारीतली धूळ, आणि पिरॅमिडपुढं आपला सरकीचा ढीग म्हणजे मुठीतली चिमूट, असं सगळं रंगवून सांगितलं. मग म्हणाले, "जवळ गेलो, जोडे काढले," आणि आम्ही सगळे पोट धरून हसलो. मामा हसले नाहीत. हसणं थांबेपर्यंत उभे राहिले.

"बोंड पायथ्याशी ठेवलं. हात जोडले. मंग मांगून कोनीतरी म्हटलं, 'मामा, जोडे घाला. लोक पाहून राह्यले. आपली इज्जत जाते.' मी वळून पाह्यलं. सायेब लोक हासून राह्यले होते. एक जन फोटो काढून राह्यला होता. मले लाज वाटली. मी जोडे घातले, आन् त्याह्यच्या संगं हासलो. गंमत केली असं दाखवलं." टोपी खाली ओढायला त्यांचा हात वर गेला, पण त्या दिवशी डोक्यावर सत्काराचा फेटा होता. "बोंड कोनाच्या तरी पायाखाली गेलं. मी उचललं नाई. लोकाच्या मयताले गेलो आन् हासून आलो. मिसर मी पाह्यलं नाई, बाप्पा. मले इचारू नका."

ते खाली बसले. टाळ्या वाजवाव्यात की नाही, हे कोणालाच कळेना. मिसरात मामांना 'मामा' म्हणणारा माणूस एकच होता, आणि तो शेजारच्या खुर्चीवर आपल्या चकचकीत बुटांकडे पाहत बसला होता. मामांनी त्याचं नाव घेतलं नाही, पुढंही कधी घेतलं नाही. मला मात्र त्या रात्री सभेतलं आमचं हसणं आठवत राहिलं. त्या सायबांना हसायचं कारण तरी होतं, त्यांना मामा ठाऊक नव्हते. आम्हाला ठाऊक होते.

त्यानंतर मामांनी मिसरचं नाव काढलं नाही. पानाच्या डब्यातली बट गेली. काम तेच, रुई ओढून पाहणं तेच, पण तहसील कचेरीत जोडे काढायच्या आधी ते आता इकडेतिकडे पाहून घेत. ते पाहून माझा जीव तुटत असे. इतकी वर्षं आम्ही त्यांच्या ज्या खोडीवर हसलो, ती अशी भीतभीत झालेली बघवत नसे. एकदा कचेरीच्या पायरीवर त्यांच्या आधी मीच जोडे काढले. मामांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्या दिवशी त्यांनी मला स्वतःच्या हातानं पान लावून दिलं.

मामा गेले ते भर वैशाखात, थोड्याशा तापाचं निमित्त होऊन. तिसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांच्या अंगणात बसलो होतो. मामी आत, जिनिंगची पाच-सहा माणसं कडुलिंबाखाली. गल्लीच्या तोंडाशी मोटार थांबली आणि धाकटे शेठ उतरले. आमच्याकडे जोडे पायरीशी काढतात. त्यांनी मोटारीपाशीच बूट काढले, मोजेही काढले आणि त्या तापलेल्या फुफाट्यातून चालत निघाले. पायांना चटके बसत होते, ते दिसतच होतं. अख्खी गल्ली दारांत येऊन उभी राहिली. ड्रायव्हर बूट हातात घेऊन मागं धावला.

"शेठ, बूट घाला. लोक पाहून राह्यले."

धाकटे शेठ थांबले. त्यांचे कान लाल झाले होते.

"पाहू दे," ते म्हणाले.

आत येऊन त्यांनी खिशातून कापसाचं एक बोंड काढलं आणि मामांच्या फोटोपुढं ठेवलं. मामींसमोर खाली मान घालून बसले. मग उठले आणि 'येतो' न म्हणता तसेच अनवाणी निघून गेले.